जाळ्याचा वाटा

हिरामावशी मला पहिल्यांदा दिसली ती वर्गाच्या खिडकीत. कोळीवाड्यातल्या नगरपालिकेच्या शाळा नंबर तीनमध्ये माझा तो तिसरा दिवस होता. मी फळ्याकडे तोंड करून बेरजा लिहीत होते आणि मागून एकदम सुक्या बोंबलांचा वास आला. वळून बघते तर साठीची एक बाई खिडकीचे गज धरून उभी. डोक्यावर पाटी, नाकात चमकी, लुगडं कोळणीसारखं घट्ट नेसलेलं. एक हात सोडून ती बोट नाचवत मुलं मोजत होती.

"चौदा," ती म्हणाली. "गेल्या साली एकोनीस व्हती. पाच कुठं गेली?"

मी नवीन. घाबरून म्हणाले, "आपण कोणाच्या पालक?"

"कोनाची न्हाय. मी पट्टी भरते."

एवढं सांगून ती निघून गेली. मुलं खिदळायला लागली. पुढच्या बाकावरची एक मुलगी मला समजावून सांगायला लागली, बाई, ती हिरामावशी, तिला पोर नाही, तिचा नवरा धर्मा नाखवा वारला, ती सगळ्यांशी भांडते. एका दमात एवढी माहिती मला शिक्षण खात्याने कधी दिली नव्हती.

मावशीचं घर शाळेला लागून होतं. मधे फक्त एक कमरेएवढा दगडी गडगा आणि त्यावर वाळत घातलेली मासळी. घर म्हणजे दोन खोल्या आणि एक ओटा. नगरपालिकेचं बिल यायचं त्यात घरपट्टी, पाणीपट्टी, दिवाबत्ती आणि खाली एक ओळ असायची, शिक्षण कर. आकडा अगदी किरकोळ होता. एका दुपारच्या मासळीत असे चार कर निघाले असते. पण मावशीला ती ओळ डोळ्यात गेलेल्या वाळूसारखी खुपायची. वाचता येत नसलं तरी ती ओळ कुठे असते हे तिला पाठ होतं. बिल आलं की ती माझ्याकडे यायची, त्या ओळीवर बोट ठेवायची आणि म्हणायची, "वाच गो बाय, हितं अजून तेच लिवलाय काय?"

तेच लिहिलेलं असायचं.

मग ती पालिकेत जायची. करविभागात म्हात्रे नावाचा क्लार्क होता, सज्जन आणि दमेकरी. मावशी आली की तो आधीच पंप ओढून घ्यायचा म्हणतात. तिचा मुद्दा एकच असायचा. "मी बाजारात बसते, मी बाजाराची पावती फाडते. माज्या दाराशी दिवा लागतो, मी दिव्याची पट्टी देते. शालेत माजा कोन बसतंय? जो बसतो त्यानं फाडावी पावती." म्हात्रे सांगायचा, मावशी, कायदा आहे, सगळ्यांनाच आहे. ती म्हणायची, कायदा केला त्याला पोरां असतील.

आणि एवढं भांडून शेवटी ती पैसे भरायचीच, तेही मुदतीच्या आत. बाकी ठेवणं तिच्या रक्तात नव्हतं. भरायचं आणि बोलायचं, दोन्ही पुरेपूर.

मी डी.एड.ला असताना असल्या प्रश्नांची उत्तरं लिहून गुण मिळवले होते. माणगावच्या बाजूच्या शेतकऱ्याची मुलगी मी, शाळेमुळे चिखलातून बाहेर पडलेली, तेव्हा शाळेबद्दल कोणी वावगं बोललं की मला राग यायचा. मी तिला म्हटलं, "मावशी, उद्या यातलाच एखादा डॉक्टर होईल. तुम्हालाच औषध देईल."

"डाक्टर झाला त मुंबैला जाल. आन् औषध मना फुकट देनार काय?"

"बरं, नर्स होईल एखादी. इथल्याच दवाखान्यात."

"हाय की तितं एक. ह्याच शालेतली. सुई अशी मारते, जशी मी तिचा काय खाल्लाय. माज्या पट्टीवर शिकली, निदान हलू तरी मारावी."

मी हरले. खरं सांगायचं तर मला तिचं म्हणणं चुकीचं वाटायचं, पण कुठे चुकतंय ते बोट ठेवून सांगता यायचं नाही. आमचे आधीचे मुख्याध्यापक तिला बघितलं की मागच्या दाराने संडासाकडे जायचे. त्यांच्या निवृत्तीनंतर शाळेत मी एकटीच उरले, आणि मागचं दार गंजून बंद झालेलं.

मात्र पट्टी भरते म्हणजे बघायचा हक्क आहे, हे तिने ठरवून टाकलं होतं. बाजारातून येताना ती रोज खिडकीशी थांबायची. फळा नीट पुसला नाही तर बोलायची. मला यायला दहा मिनिटं उशीर झाला तर ओट्यावरून सगळ्या आळीला ऐकू जाईल असं विचारायची, "एसटी पंक्चर झाली काय गो बाय?" पावसाळ्यात छप्पर गळायला लागलं तेव्हा पालिकेच्या बांधकाम विभागात मी तीन अर्ज दिले, काही झालं नाही. मावशी एकदा गेली आणि पाटी साहेबांच्या टेबलाशेजारी उतरवून ठेवली. पाटीत ओले बांगडे होते. दुसऱ्या दिवशी पत्रे आले. हे तिने शाळेवरच्या प्रेमापोटी केलं असं कोणी म्हटलेलं तिला खपायचं नाही. "माजा पैसा भिजत व्हता," ती म्हणायची.

आता जाळ्याचं सांगायला हवं. आमच्या त्या बंदरावर होडी परत आली की मासळीचे वाटे पडतात. होडीचा एक वाटा, नाखव्याचा वाटा, होडीवर गेलेल्या प्रत्येक माणसाचा एक, आणि जाळ्याचा एक वाटा. जाळं ज्याचं असेल त्याला तो मिळतो, मग तो स्वतः दर्यावर गेलेला असो नसो. धर्मा नाखवा वारल्यावर मावशीने होडी विकली, पण त्याची डोल, म्हणजे त्याचं मोठं जाळं, विकली नाही. ती तिने दिराच्या होडीवर दिली. तेव्हापासून दिराची होडी लागली की मावशी धक्क्यावर हजर. जाळ्याचा वाटा मोजून घ्यायची आणि तोच बाजारात नेऊन विकायची. दिराने कधी काचकूच केली नाही. तिथे तो नियम आहे, आणि समुद्रातले नियम कागदावर नसल्यामुळे लोक ते पाळतात.

माझं दुसरं वर्ष चालू होतं. एका दुपारी बिल घेऊन मावशी आली, आणि मी नेमकी वैतागलेली होते. तपासणी तोंडावर होती, माहितीचे तक्ते भरायचे होते, त्यात ही खिडकीत. मी म्हटलं, "मावशी, असं समजा ना, तुमचं जाळं शाळेत दिलंय. तुम्ही स्वतः दर्यावर जात नाही, पण जाळं तुमचं आहे. वाटा पडेल की कधीतरी."

 तिने बिलाची घडी घातली, कमरेला खोचली आणि निघून गेली. मला काय आनंद झाला म्हणून सांगू. डी.एड.च्या बाईंना फोन करून सांगावं असं वाटलं, की बघा, परिसरातलं उदाहरण देऊन शिकवलं.

दुसऱ्या दिवशी खिचडीच्या वेळी मावशी ताटली घेऊन रांगेत उभी.

"मावशी, हे काय?"

"वाटा घ्यायला आले. तूच बोललीस ना?"

मी कपाळाला हात लावला. मुलं खूश. तिने खिचडी घेतली, ओट्यावर मांडी घालून सगळी खाल्ली, आणि खिचडी करणाऱ्या बाईला मीठ कमी आहे म्हणून सुनावलं. जाताना मला म्हणाली, "ह्यो वाटा बरोबर न्हाय. खिचडी सरकारची. मना शालेचा वाटा पायजे."

"शाळेचा वाटा म्हणजे काय, मावशी?"

"शालेत काय पिकतंय?"

"मुलं शिकतात."

"मंग एक पोर माज्या वाट्याचा."

मला वाटलं, विषय संपला. चार दिवसांनी ती एका मुलीचं मनगट धरून घेऊन आली. मुलगी नऊ वर्षांची, केस तेल न लावलेले, कडेवर दीड वर्षाची बहीण. सुमन तिचं नाव. तिचा बाप मोठ्या ट्रॉलरवर खलाशी होता, महिनामहिना घरी नसायचा. आई लक्ष्मी धक्क्यावरच्या शेडमध्ये कोळंबी सोलायची. तिथे किलोवर पैसे मिळतात, त्यामुळे पहाटे गेलेली बाई संध्याकाळीच उठायची, आणि लहानग्या चिमीला सुमन सांभाळायची. ही मुलगी दोन वर्षं आमच्या शाळेसमोरून पाण्याच्या कळश्या नेत होती. शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणात तिचं नाव लिहायची जबाबदारी माझी होती, आणि मी ते लिहिलं नव्हतं. तो तक्ता मी घरात बसून भरला होता.

"ही माज्या वाट्याची," मावशी म्हणाली. "लिव नाव."

"आणि चिमी? तिला कोण बघणार?"

मावशीने चिमीला सुमनच्या कडेवरून ओढून आपल्या कडेवर घेतलं. चिमीने भोकाड पसरलं. मावशी तिला तशीच रडती घेऊन बाजारात गेली.

त्या दिवसापासून बाजारात एक नवीन दृश्य दिसायला लागलं. पाटीमागे मावशी, मांडीवर चिमी, आणि चिमीच्या हातात चाळा म्हणून एक सुका बोंबील. काशीदकडे जाणारे पर्यटक गाडी थांबवून फोटो काढायचे. मावशी फोटोला नाही म्हणायची नाही, पण म्हावरा घेतल्याशिवाय हलू द्यायची नाही. कोणी विचारलं, नात का हो? तर म्हणायची, "न्हाय. हिची भैन माजी हाय, शालेत." ऐकणाऱ्याला काही कळायचं नाही. तिला कळवायचीही गरज वाटायची नाही.

सुमन हुशार होती असं सांगितलं तर गोष्ट छान होईल, पण ती बेताची होती. वजाबाकीत हातचा घ्यायला विसरायची. मात्र एक दिवस बुडवला नाही. बुडवून जाणार कुठे? खिडकीत मावशी. "माजा वाटा आज काय शिकला?" हे ती रोज विचारायची, आणि सुमनने पाढा म्हटला की तो बरोबर आहे का चूक हे तोंडावरून ओळखायची. चुकला तर माझ्याकडे बघायची, सुमनकडे नाही. माझ्या नोकरीतली सगळ्यात कडक तपासणी मी त्या खिडकीत दिली आहे.

तिसऱ्या वर्षी पटसंख्या अकरावर आली. कोळीवाड्यात पैसा आला होता. कोणाची पोरं होमस्टेत, कोणाचा मुलगा थळच्या कारखान्यात, आणि नातवंडं पिवळ्या व्हॅनमधून इंग्रजी शाळेत. एप्रिलमध्ये शिक्षण विभागातून साहेब आले. शाळा नंबर तीन बंद करून गावातल्या शाळा नंबर एकमध्ये विलीन करायची, त्यासाठी पालकसभेचा ठराव हवा होता. शाळा नंबर एक बाजाराच्या पलीकडे, चालत पाऊण तास. लक्ष्मीने तेव्हाच सांगून टाकलं होतं, एवढ्या लांब पोरीला धाडणार नाही, त्यापेक्षा शेडमध्ये माझ्या शेजारी बसेल.

सभेला सात पालक आले. साहेबांनी फायदे सांगितले.  मग मागून मावशी उठली, कडेवर चिमी.

"मना बोलायचाय."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. "या कोणाच्या पालक?"

मी खाली बघत राहिले. मला एवढंच म्हणायचं होतं, साहेब, या पटावरची एक मुलगी यांनी आणली आहे, आणि ती टिकली आहे ती यांच्यामुळे. एका वाक्याचं काम होतं. पण माझी बदली घराजवळ व्हावी म्हणून मी अर्ज केला होता आणि त्यावर त्याच साहेबांची सही व्हायची होती. मी गप्प बसले. त्याची लाज मला अजून वाटते.

"आजी, सभा पालकांची आहे," साहेब म्हणाले. "आपलं मूल आहे का शाळेत?"

मावशीने चिमीला दुसऱ्या कडेवर घेतलं. मग म्हणाली, "पट्टी घेताना कोनी इचारला न्हाय, तुना पोर हाय काय. बोलायला उठले त इचारता."

लोक हसले. साहेबही हसले, माणूस वाईट नव्हता. ठराव झाला. मावशी बाहेर जाऊन ओट्यावर बसली. मी तिच्यासमोरून गेले तर एसटीची चौकशीसुद्धा केली नाही तिने.

जूनमध्ये माझीही रवानगी मुलांबरोबर शाळा नंबर एकमध्ये झाली. घराजवळची बदली काही झालीच नाही, म्हणजे गप्प बसूनही हाती धुपाटणंच. पहिल्या दिवशी आमची अकराच्या अकरा मुलं आली. सुमनला घेऊन मावशी आली होती, डोक्यावर पाटी, कडेवर चिमी. तिने लक्ष्मीशी काय भांडण केलं ते मला माहीत नाही, पण बाजारात जायचा रस्ता तोच आहे, मी नेते आणि मी आणते, असं तिने ठरवून टाकलं होतं. माझ्याशी ती पुन्हा बोलायला लागली. पहिलं वाक्य होतं, "हितली खिडकी लय उंच हाय."

जुलैमध्ये सुमन यायची बंद झाली. एक दिवस, दोन दिवस, आठ दिवस. मला बातमी कळली होती की मावशी धक्क्यावर शेवाळावरून घसरली आणि तिचा पाय मोडला. मी धरून चालले की आणणारं माणूस नाही, मुलगी शेडमध्ये गेली. नवव्या दिवशी शाळा भरायच्या आधी मी कोळीवाड्यात गेले. आधी लक्ष्मीच्या घरी. कुलूप होतं. मग मावशीकडे.

मावशी खाटेवर, डावा पाय प्लॅस्टरमध्ये, मांडीवर चिमी. आणि सुमन स्टोव्हपाशी चहा करत होती.

घर झाडलेलं होतं. मडक्यात पाणी होतं. मावशीचे केस कोणीतरी विंचरून नीट अंबाडा घातला होता. मी तिला इतकी व्यवस्थित कधी बघितली नव्हती. मला पाहून तिने नजर वळवली. या बाईला नजर वळवताना मी पहिल्यांदाच बघत होते.

"शेडमध्ये न्हाय धाडली हिला," ती म्हणाली. "मीच ठेवली. दोन दिस म्हनून ठेवली. मंग..." चिमीच्या केसांतून हात फिरवत म्हणाली, "जलमात कोनी मना च्या करून न्हाय दिला गो बाय. धर्मा पन न्हाय. बरा वाटला."

 शाळेत चल म्हणायला आलेली मी खाटेच्या कडेलाच टेकले. म्हाताऱ्या एकट्या बाईला आठ दिवस चहा मिळाला, त्यात कोणाचं काय गेलं, असं माझंच मन मला म्हणायला लागलं.

तेवढ्यात ओट्यावर म्हात्रे आला. धापा टाकत, पण खुशीत. हातात फॉर्म. "मावशी, जिंकलात!" तो दारातूनच ओरडला. पालिकेने ठराव केला होता, एकट्या राहणाऱ्या निराधार विधवांना शिक्षण कर माफ. यादीत पहिलं नाव त्याने तिचं घातलं होतं. इतकी वर्षं तिच्या शिव्या खाल्ल्यावर त्यालाही ही बातमी स्वतः द्यायची होती. "इथे अंगठा द्या. पुन्हा ती ओळ बिलात दिसायची नाही."

मावशीने फॉर्म हातात घेतला. उलटा धरून बघितला. "माफ म्हंजे?"

"म्हणजे भरायचा नाही. शाळेशी तुमचा काही संबंध नाही, हेच तुम्ही म्हणत होता ना? आता कागदावर. संबंध सुटला."

सुमन चहाचा कप घेऊन खाटेपाशी आली. मावशीने कप घेतला नाही. ती सुमनकडे बघत होती.

"नको," ती म्हणाली.

"अहो मावशी, फुकट आहे!"

"फुकट हाय म्हनूनच नको. सभेत मना बोलू दिला न्हाय. पट्टी भरते, एवडाच एक तोंड हाय माज्याकडं. तां पन मिटला, त उद्या हिला घरात बसवली त मना कोन इचारनार? मी तरी कोनाला इचारनार?" तिने फॉर्म म्हात्रेच्या हातात परत कोंबला. मग सुमनला म्हणाली, "दप्तर कुठं हाय तुजा?"

"घरात. मावशी, तुमचा च्या..."

"ऊठ. दप्तर घे आन् बायसंगती जा."

"मंग तुमाला कोन..."

"माजा पाय मोडलाय गो, तुजा न्हाय."

सुमन रडायला लागली. मावशी रडली नाही, पण तिचा आवाज फाटला होता. मी सुमनचा हात धरला आणि बाहेर पडले. मावशी त्यानंतर पुढच्या होळीपर्यंत जगली. मला मात्र त्या जुलैतच पोलादपूरकडे बदली मिळाली, न मागता, आणि आमची पुन्हा भेट झाली नाही. सुमन आता नववीत आहे, वजाबाकी जेमतेमच आहे, असं लक्ष्मीकडून कळतं.

मला आठवते ती मावशी गडग्यापाशी मागे वळून बघितल्यावर दिसलेली. दार उघडंच होतं. चिमी मांडीवर झोपलेली, मोडका पाय लांब केलेला, कप तसाच खाटेवर पडलेला. आणि स्टोव्हपुढे फॉर्म खिशात घालून म्हात्रे उकिडवा बसला होता, कारण तो चहा निवला म्हणून दुसरा करायला तिने त्याला बसवलं होतं, आणि साखर किती घालायची ते खाटेवरून ओरडून सांगत होती.